कापलेली ज्वारी पीक नव्हे

कायदा माणसाला जीव वाचवण्याची पूर्ण मुभा देतो. तो नेमकं कुठे उभं राहून वाचवावा, एवढंच काय ते ठाणं ठरवतं.

मेडशीजवळच्या इंद्रभानजींचा शेवटचा साधा दिवस म्हणजे १९५४ सालच्या माघातला एक मंगळवार. सकाळी त्यांनी लेकीकडून, रुख्मिणीकडून, शिळं वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून घेतलं, चहात गूळ कमी म्हणून कुरकुर केली, आणि दोघं खळ्यावर गेली. दुपारी तीन चोर आले. एकाने इंद्रभानजींच्या मानेवर कुऱ्हाड उगारली. बार झाला. छर्रे त्याच्या मांडीत शिरले, तिघं पळाले, आणि इंद्रभानजी बंदूक घेऊन स्वतःच ठाण्यात हजर झाले. (ही त्यांची पहिली चूक.)

ठाण्याने प्रकरण अत्यंत बारकाईने हाताळलं. बंदुकीच्या परवान्यावर ‘पीक-संरक्षणार्थ’ असं लिहिलेलं होतं. चोर उभ्या पिकात असता तर हरकत नव्हती; तो खळ्यात होता. कापलेली ज्वारी पीक नव्हे, माल होय, आणि मालाचा परवान्यात उल्लेख नाही. शिवाय चोर डुक्कर नव्हता, हे पंचांनी एकमताने नोंदवलं. जिवाला धोका होता म्हणावं, तर मानेवर जखम नाही. कुऱ्हाड लागली असती, तर स्वसंरक्षण पुरेपूर सिद्ध झालं असतं. जबाबावरचा अंगठा तेवढा दुसऱ्याने धरून उठवावा लागला असता.

चोर सापडले नाहीत. पत्ता ठाऊक असलेला माणूस एकच, म्हणून चौकशी त्याचीच झाली. इंद्रभानजींनी अठरा खेपा केल्या. सोळा वेळा साहेब दौऱ्यावर होते, एकदा शाई संपली होती. अठराव्या वेळी सगळं जुळून आलं, तेव्हा इंद्रभानजी बाकावर बसल्या बसल्याच गेले. (बाक सरकारी असल्याने त्याचाही पंचनामा झाला.)

तेराव्यानंतर हरिसिंग जमादार घरी आले. माणूस भला. म्हणाले, “बाई, इथं दस्तखत करा. आरोपी मयत, फाईल बंद. सुटला तुमचा बाप.”

रुख्मिणीने कागद दोनदा वाचला. ‘आरोपी इंद्रभान याने बंदूक चालवली’ असं त्यात सरळ लिहिलं होतं. ते अठरा खेपांत कुणी विचारलं नव्हतं. परवाना ज्याचा, बोट त्याचं. लेकीचं नाव ठाण्यात जाता कामा नये, असं बापाने बजावलं होतं, आणि तीही गप्प राहिली होती. (बार कुणी केला, हे वाचकांनीही अजून विचारलेलं नाही. हरकत नाही. ठाण्याला अशी माणसं लागतातच.)

तिने लेखणी खाली ठेवली.

“जमादार, बार बाबानं नाही केला. म्या केला.”