बाथरूमबाहेरचे हेडमास्तर

आवाजराव बायकोला जे बोलले ते शब्दाला धरून पाहिलं तर खोटं नव्हतं. शाळेवरच्या एका मालिकेचं काम मिळालंय, एवढंच ते म्हणाले. बायकोनं विचारलं, शैक्षणिक आहे का? त्यांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे, अशी स्वतःची समजूत ते पुढे तीन महिने घालत राहिले.

आवाजराव हे नाव मेव्हण्यानं ठेवलेलं. धंदा डबिंगचा, म्हणजे परक्या भाषेतल्या मालिकांमधल्या माणसांना मराठी बोलायला लावायचं. बारा वर्षांत त्यांनी दातातल्या किडीचा आवाज काढला होता, फ्रिजची वॉरंटी समजावून सांगितली होती आणि फोनवर ताटकळणाऱ्या हजारो लोकांना ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणून उबग आणला होता. आणि आता एकदम भूत मिळालं. तेही मुख्य.

मालिका एका हायस्कुलातली. तिथले हेडमास्तर पेपर तपासता तपासता खुर्चीतच गेले, पण पेपरांच्या नादात ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. तेव्हापासून ते तासातासाला कुठल्या ना कुठल्या कपाटातून बाहेर येतात आणि गृहपाठ न केलेल्या पोराच्या मानेजवळ वाकून विचारतात, ‘वही कुठंय?’ प्रेक्षक आधी किंचाळतो, मग हसतो. त्या दोहोंच्या मध्ये एक श्वास हवा, असं डबिंग करून घेणाऱ्या बाई म्हणायच्या, आणि तो श्वास आवाजरावांना बरोबर जमायचा. त्याचा त्यांना अभिमान होता. फक्त तो घरी मिरवायची सोय नव्हती.

कारण आपल्या घरात भुताखेताचं काही लागणार नाही, हा नियम खुद्द आवाजरावांचा. (मुलीचं मन कोवळं आहे, असं कारण त्यांनी दिलं होतं. कोवळं मन नक्की कोणाचं, हे बायकोला माहीत होतं. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नाही.)

मुलगी नऊ वर्षांची. तिनं शेजारच्या मैत्रिणीकडे या मालिकेचे सात भाग पाहिले आणि त्या दिवसापासून ती विलक्षण अभ्यासू झाली. कपाटाकडे पाठ करून बसेना, दप्तर घेतल्याशिवाय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईना. आईला वाटलं, पोर सुधारली. आवाजरावांना सगळं कळत होतं. रोज सकाळी त्यांना लाज वाटायची, आज सांगून टाकू असं ठरायचं, आणि रोज संध्याकाळी ते उद्यावर जायचं.

तर त्या दिवशी मुलीची कसली तरी तोंडी परीक्षा होती. दहाला नंबर लागणार होता आणि चुकला की पुन्हा घेणार नाही, असं बाईंनी वर्गात बजावलं होतं. दोन आठवडे पोर घोकत होती. आवाजराव मात्र आदले तीन दिवस शेवटच्या भागांसाठी घसा खरवडून गुरगुरत होते, आणि सकाळी उठले तेव्हा हेडमास्तरांचा आवाज घशातच बसलेला. गरम पाणी प्यायले, गुळण्या केल्या, हेडमास्तर हलेनात. आज जमणार नाही असं स्टुडिओला कळवायला हवं होतं. फोन नंबरांची वही जागेवर नव्हती. आवाजरावांनी स्वयंपाकघरातून, अगदी सहज, घरातल्या कोणालाही विचारावं तसं विचारलं,

“वही कुठंय?”

किंकाळी ऐकू आली. पाठोपाठ धावती पावलं, मग बाथरूमच्या कडीचा आवाज. हसू काही आलं नाही.

ते दाराशी धावले आणि “बाळा, घाबरू नकोस, दार उघड” म्हणाले. त्या आवाजात ते वाक्य इतकं भयंकर वाटलं, की ते स्वतःच एक पाऊल मागे सरले. आतून रडवेलं उत्तर आलं, “सर, गृहपाठ पूर्ण आहे. फक्त पालकांची सही राहिलीय.”

बायको धावत आली आणि तिनं त्यांना गप्प राहायला सांगितलं. गप्प राहून धीर द्यायचा म्हणून आवाजरावांनी हाताला लागलेल्या पेननं चिठ्ठी लिहिली आणि दाराखालून सरकवली. पेन लाल होतं. मालिकेतले हेडमास्तर नेमका असाच लाल शाईतला शेरा दाराखालून सरकवतात. (तिसरा भाग. तो शेराही यांनीच वाचला होता.) आत बादली पालथी पडली.

साडेनऊ झाले होते. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आवाजरावांनी दाराला तोंड लावलं आणि खर्जात कबुली दिली, “अगं, ते हेडमास्तर मीच आहे.”

भुतानं दाराबाहेरून दुसरं काय सांगितलं असतं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मालिका कुठली, हे बायकोच्या मात्र लगेच लक्षात आलं. “शैक्षणिक ना?” एवढंच ती म्हणाली. आवाजरावांना वाटलं, ती बादली पालथी नसती तर तिच्यात तोंड लपवता आलं असतं.

मग आतून घाबरलेला पण ठाम प्रश्न आला.

“खरंच बाबा असाल तर सांगा, मी कुठल्या तुकडीत आहे?”

आवाजरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं भिंतीकडे पाहिलं.

“ब,” ते म्हणाले.

“माझा हजेरी क्रमांक?”

“अठरा... एकोणीस?”

“आज माझी परीक्षा कसली आहे?”

त्यांचे कान तापले. गेल्या तीन महिन्यांत त्या हायस्कुलातल्या एकूण एक पोराचं नाव त्यांनी अचूक उच्चारलं होतं. “गणित,” ते कसंबसं म्हणाले.

मग कडी सरकली. दप्तर छातीशी धरून, ओल्या मोज्यांनी मुलगी बाहेर आली. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता.

“आई, बाबाच आहे गं,” ती म्हणाली. “त्या सरांना सगळ्यांचं सगळं पाठ असतं.”

बायकोनं कोरडे मोजे काढून दिले आणि दप्तर आवाजरावांच्या खांद्याला अडकवलं. पोहोचवून या, म्हणाली. दहाला पंधरा मिनिटं कमी होती. फाटकाबाहेर येऊन आवाजराव घाईघाईनं उजवीकडे वळले. मुलीनं त्यांचं बोट धरलं आणि त्यांना डावीकडे नेलं.