अस्तराच्या कोटाची आंघोळ

"कुत्र्याला आंघोळ घालायला काय डोकं लागतं?" असं मी ऐटीत म्हणालो आणि बायको लगेच म्हणाली, "मग तुम्हीच घाला."

वाचकहो, नवऱ्याच्या आयुष्यात कौतुकाचे क्षण थोडेच येतात. हा त्यांतला नव्हता, हे कळायला मला जरा वेळ लागला.

आमच्या कुत्र्याचं नाव शांतू. नाव ठेवलं तेव्हा तो ओंजळीत मावायचा आणि आमच्या त्याच्याकडून काही अपेक्षा होत्या. आता तो मागच्या पायांवर उभा राहून माझ्या खांद्यांवर पंजे ठेवतो आणि तोंडाचा वास घेऊन मी ऑफिसात काय खाल्लं याची चौकशी करतो. जात बर्फाळ मुलखातली. अंगावर केसांचे दोन थर. वरचे लांब, राठ, पाणी अडवणारे. खालचे मऊ, दाट, लोकरीसारखे. ऋतू बदलला की हा खालचा थर गळतो. म्हणजे सोफ्यावर, उशीवर, चहात. परवा मी ऑफिसात शिंकलो, तर रुमालात अर्धा शांतू निघाला!

माझे सासरे आमच्याकडेच राहतात. त्यांना सगळे नाना म्हणतात. उभा जन्म शिवणकामात गेल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना कपडा वाटते. शांतूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या पाठीत बोटं खुपसून त्यांनी निकाल दिला होता, "कापड उंची आहे. पण अस्तर फार घातलंय."

आता तक्रारीचं सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त ग्रंथपाल बाई राहतात. आयुष्यभर लोकांना "शूऽऽ!" म्हणायचा पगार घेतला, आता तेच काम फुकट करतात. आणि आमचा शांतू भुंकत नाही, बोलतो. जरा मनाविरुद्ध झालं की मान वर करून "आऽऽवूऽऽ, वूवूऽऽ" असा सूर लावतो. ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलं एखादं म्हातारं माणूस दाढदुखीनं कळवळतंय. बाईंनी आवाजाबद्दल इमारतीच्या कमिटीकडे तक्रार केली. रविवारी संध्याकाळी कमिटीचे सेक्रेटरी बाईंना घेऊन शांतूचं वागणं बघायला येणार होते. वागणं बरं दिसलं तर ठीक, नाहीतर कुत्र्यासाठी दुसरं घर बघा, असा साधा सोपा प्रस्ताव होता.

तेव्हापासून बायको गप्प गप्प होती. शांतूला वाढताना त्याच्या डोक्यावरून जरा जास्तच वेळ हात फिरवायची. माझं म्हणाल तर मला काही कुत्र्याबित्र्याचं वेड नाही. झोपताना तो माझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि मी पाय हलवत नाही, ते केवळ आळस म्हणून. पण कुणीतरी उठून येणार आणि माझ्या घरातल्या माणसाला, म्हणजे कुत्र्याला, नापास करणार? मी ठरवलं, शांतूला असा लखलखीत करायचा की सेक्रेटरींनी स्वतःचा शर्ट बघून लाजावं!

कुत्र्यांच्या पार्लरमध्ये त्या रविवारी जागा नव्हती. बायको फिजिओथेरपिस्ट, तिला एका पेशंटकडे जाणं भाग होतं. चपला घालता घालता ती म्हणाली, "हे बघा, आधी ब्रशनं गळके केस सगळे काढून घ्या. मग पाणी. नाहीतर ते आतल्या आत गुंततात. शॅम्पू बेताचा. आणि कातडीपर्यंत धुवा, साबण आत राहता कामा नये."

"आधी विंचरायचं आणि मग आंघोळ?" मी हसलो. "अगं, जगात लोक उलट करतात!"

"लोकांना अस्तर नसतं, जावईबापू," नाना पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

बायको गेली. मी ब्रश कपाटात ठेवला. म्हटलं, नंतर एकदमच विंचरू.

शांतूला 'आंघोळ' हा शब्द कळतो. म्हणून आम्ही खाणाखुणांनी बोललो. मी डोक्यावरून पाणी ओतायची खूण केली. नानांना वाटलं मला झीट येतेय. ते धावले. तेवढ्यात शांतूनं बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो पलंगाखाली गेला. चीजचा तुकडा दाखवत दाखवत त्याला बाथरूमच्या दारापर्यंत आणला. तिथं त्यानं चारही पाय चौकटीला लावले आणि तो दार होऊन उभा राहिला. मी मागून ढकलतोय, नाना पुढून ओढतायत. मग नानांनी चीज स्वतःच्या तोंडात टाकलं. शांतू या विश्वासघातानं इतका चकित झाला की थेट उडी मारून आत गेला!

आता पाणी. मी एक मग ओतला. पाणी पाठीवरून घरंगळलं आणि माझ्या पायांवर पडलं. दुसरा ओतला. तोही माझ्याच पायांवर. अर्धी बादली संपली तेव्हा मी घोट्यांपर्यंत स्वच्छ झालो होतो आणि शांतू कोरडा ठाक. केस बाजूला करून बघितलं, तर आत लोकर जशीच्या तशी!

"रेनकोट आहे," नाना म्हणाले. "वरून ओतून उपयोग नाही. शिवण बघून आत शिरा."

मी शिवण शोधत बसलो नाही. शॅम्पूची अख्खी बाटली पाठीवर उपडी केली आणि दोन्ही हातांनी घुसळायला लागलो. मग जो फेस आला! शांतू दिसेनासा झाला. फेसात कुठंतरी दोन डोळे होते आणि त्या डोळ्यांत माझ्या सात पिढ्यांबद्दलचं मत स्पष्ट दिसत होतं. त्यानं मान वर केली आणि सूर लावला, "आऽऽऽवूऽऽऽ! वूवूऽऽऽ!"

"गप! एकदम गप!" मी ओरडलो. "तोंड वर करशील तर बघ! नाना, मान धरा! घट्ट!"

"आऽऽवूऽऽ!"

"रडून काही होणार नाही! आज तुला सोडत नाही मी! नाना, पाय! अहो नाना, पाय!"

"कुठला पाय? इथं चार आहेत!"

"मिळेल तो धरा! अरे, फुकटचं खाऊन खाऊन माजलास! हलशील तर तंगडी मोडून हातात देईन!"

हे सगळं बाथरूमच्या खिडकीतून खालच्या बाईंच्या बाथरूमच्या खिडकीत जात होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी कसेबसे चार मग ओतले आणि मग शांतूनं अंग झटकलं. कुत्रा अंग झटकतो हे आपण ऐकलेलं असतं. पण अस्तराचा कोट झटकला जातो तेव्हा ती घटना असते. भिंती, छत, आरसा, टूथब्रश, नाना, सगळं पांढरं झालं. नानांच्या डोळ्यांत शॅम्पू गेला, त्यांनी दाराची कडी चाचपली आणि नेमकी उघडली. शांतू सुटला! हॉलमधून बेडरूम, बेडरूममधून सोफा, सोफ्यावरून नानांचा पलंग. मागून मी टॉवेल घेऊन, आणि माझ्या मागून नाना, माझ्याच शर्टाला डोळे पुसत.

अखेर त्याला बेडरूममध्ये कोंडला. चार मग ओतून त्याला खंगाळला होता, एवढं धुणं पुष्कळ झालं असं मी ठरवलं. पण वाळवायचा कसा? घरातले टॉवेल संपले. चादरी संपल्या. हेअर ड्रायर थोडा वेळ घरघरला आणि जळका वास सोडून शांत झाला. घरात शांत झालेला तेवढा एकच.

"इस्त्री फिरवू का? हलक्या हातानं?" नानांनी विचारलं. मी इस्त्री उचलून कपाटावर ठेवली.

तेव्हा मला व्हॅक्यूम क्लीनर सुचला. आमच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी मागच्या बाजूला लावली की तो हवा ओढायच्या ऐवजी फेकतो. काय कल्पना होती, वाचकहो! मी नळी शांतूच्या पाठीवर धरली आणि बटण दाबलं.

आधी व्हॅक्यूममध्ये साठलेली सगळी धूळ बाहेर आली. ते मी विसरलो होतो. मग अस्तर सुटलं. आपण ज्याला कुत्रा समजत होतो तो मुळात कापसाचं गोदाम होता! पांढरे पुंजके खोलीभर उधळले. पंख्यानं ते गोल गोल फिरवले. मी ओला, नाना ओले, त्यामुळे उडेल ते आम्हाला येऊन चिकटलं. नानांच्या डोक्यावर तीस वर्षांत पहिल्यांदा केस उगवले. त्यांनी आरशात पाहिलं आणि हळूच भांग पाडला.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. सेक्रेटरी संध्याकाळी येणार होते, ही तर भर दुपार होती. मी शांतूचं पोट वाळवत होतो.

"नाना, बघा हो कोण आहे ते!"

नाना गेले. मी कान देऊन ऐकू लागलो.

"अरे देवा! नाना, ही काय दशा?" सेक्रेटरींचा आवाज. म्हणजे आधीच आले!

"आंघोळ," नाना म्हणाले.

"आंघोळ कोण घालतं?" हा ग्रंथपाल बाईंचा आवाज.

"जावईबापूच. आज पहिल्यांदाच. एरवी बाहेर पाठवतात."

"बाहेर पाठवतात?"

"मग! दुकानात. आज तिथं जागा नव्हती."

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "नाना, घाबरू नका. खरं ते सांगा. मारतात का हो?"

"छे, छे! नुसतं ओरडतात. पेपरची गुंडाळी दाखवली की पुरे होतं."

"खायला?"

"दोन वेळा. मध्येच मागितलं तर देत नाहीत. वाईट सवय लागते ना."

"आणि झोपायला?"

"पायथ्याशी. आधी बाल्कनीत सोय केली होती, पण रडून रडून घर डोक्यावर घेतलं."

"बांधून ठेवतात?" सेक्रेटरींचा आवाज धाप लागल्यासारखा आला.

"फक्त पाहुणे आले की."

आत मी खुशीत मान डोलावत होतो. काय मुद्देसूद उत्तरं देतायत म्हातारबुवा! शिस्त आली, माया आली. आणखी काय हवं कमिटीला?

तेवढ्यात बाईंचा रडवेला आवाज आला, "नाना, तुम्ही आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चला. कपडे मागाहून आणू."

"मी?" नाना म्हणाले. "कशाला?"

नेमका त्याच क्षणी शांतू माझ्या हातातून निसटून हॉलकडे धावला. मी त्याच्यामागे. कमरेला ओला टॉवेल, अंगभर केस, हातात व्हॅक्यूमची नळी. आणि तोंडानं, "पळतोस कुठं? पोट राहिलंय अजून! आज तुझी सालटी काढूनच सोडतो!"

सेक्रेटरींनी नानांना पाठीशी घातलं आणि दाराजवळची छत्री उचलून माझ्यावर रोखली. "खबरदार! म्हाताऱ्या माणसाच्या अंगाला हात लावाल तर!"

"म्हातारा कोण? दोन वर्षांचा आहे!" मी म्हणालो.

शांतूला आता पळायचं त्राण नव्हतं. तो सरळ बाईंकडे गेला, त्यांच्या पायांशी बसला, त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि झालेली सगळी हकिगत त्यांना सांगितली. "आऽऽवूऽऽ, वूवूऽऽ."

बाई थिजल्या. "हाच! हाच आवाज! मघापासून बाथरूममधून घुमून अगदी माणसासारखा कळवळत होता तो... हा होता?"

"मग तुम्हाला कोण वाटलं?" मी विचारलं.

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना जरा दुखावले. "मी इतका सुरात रडत नाही," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी छत्री जागेवर ठेवली आणि ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून खोकत राहिले. बाईंचा हात मात्र शांतूच्या मानेत गेला होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता. "किती मऊ आहे हो!" मग माझ्याकडे बघून त्यांचा आवाज बदलला. "एवढा छळ झाला तरी बिचारा चावला नाही. माझी याच्याबद्दल काही तक्रार नाही, सेक्रेटरी. तक्रार आहे ती यांच्याबद्दल."

"लिहून द्या," सेक्रेटरी म्हणाले. "विचार करू."

"यांचं मी बघते," असा दारातून आवाज आला. बायको परतली होती आणि किती वेळ उभी होती देव जाणे. तिनं पिशवी खाली टाकली आणि गुडघ्यांवर बसून शांतूला कवटाळलं. मला वाटलं, आता आपली पाळी. निदान एक शब्द? पण तिचा हात शांतूच्या पोटाखाली गेला आणि तिथंच थांबला. बोटं बाहेर आली ती फेसासकट.

"अहो, आत शॅम्पू तसाच आहे सगळा! खाजून खाजून जीव जाईल त्याचा."

"चला, मी येते," बाई म्हणाल्या आणि बाह्या वर करून आत गेल्यासुद्धा. शांतू त्यांच्या मागून शेपूट हलवत गेला. बाथरूमचं दार लागलं. आतून ना ओरडा, ना "आऽऽवूऽऽ". नुसता पाण्याचा आवाज आणि दोघींचं हळू हळू बोलणं.

मी केसांनी माखलेल्या सोफ्यावर सेक्रेटरींच्या शेजारी बसलो. त्यांना समजावून सांगितलं, की अवघड भाग असतो तो सुरुवातीचा. तो मी उरकला. पुढचं कुणीही करतं.

त्यांनी शर्टावरचा एक केस उचलला. नानाच म्हणाले, "हो. उसवायला काय, कुणालाही येतं."

इतक्यात आतून हाक आली, "अहो! जरा इकडे या बघू!"

मी सेक्रेटरींकडे विजयी नजरेनं पाहिलं, टॉवेल घट्ट केला आणि गेलो. आत घोटाभर पाणी साचलं होतं. त्यात दोघी उभ्या, मधे शांतू तृप्त चेहऱ्यानं डोळे मिटून उभा.

"जाळी तुंबलीय केसांनी," बायको म्हणाली. "आडवे व्हा आणि आत हात घाला."

मी आडवा झालो. खांद्यापर्यंत हात घातला आणि शांतूचं अस्तर मूठ मूठ बाहेर काढत राहिलो. माझ्यावाचून आमच्या घरातलं पान हलत नाही, असं मी म्हणणार नाही. पण पाणी हलत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं!