साखर एरंडोलला, रक्तदाब धुळ्याला

नानांनी आपले आजार गावोगाव वाटून ठेवले आहेत. साखर एरंडोलला, रक्तदाब धुळ्याला, गुडघे वरणगावला आणि पोट नशिराबादला. अख्खे नाना कुठल्याच डॉक्टरला माहीत नाहीत.

हे कळलं तेव्हा मी हादरलोच. मी पार दुसऱ्या टोकाचा, चंदगडकडचा. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत जळगावच्या डाळमिलमध्ये लागलो. नाना माझे घरमालक. बायको, म्हणजे काकी, वारलेली, मुलगी सुरतेला. मला कावीळ झाली तेव्हा त्यांनी स्वतः मऊ भात करून घातला आणि मुकादमाला ठणकावून सांगितलं, "पोऱ्या गावले गयेल शे." काविळीचं कळलं असतं तर त्याने काढून टाकलं असतं; माझं काम टिकलं ते त्यामुळे. म्हणून नाना धुळ्याला सोबत चल म्हणाले की मी रजा टाकतो.

धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "शुगर आहे का?"

"छे. आमच्या घरात कोणालाच नाही."

सकाळीच माझ्यासमोर त्यांनी शुगरची गोळी गिळली होती.

बाहेर काउंटरवरची ताई म्हणाली, "बाबा, हेल्थ कार्ड काढून टाका. सगळे रिपोर्ट एका जागी राहतील."

"बेटा, सोनं बी कोनी एकच डबामा ठेवस का?"

जळगावात तर नाना साधा खोकलाही दाखवत नाहीत. रक्त तपासतो तो साडूचा मुलगा, एक्स-रे काढते ती भाची, मेडिकलवर बसतो तो चुलतभाऊ. एकदा इथेच मूळव्याध दाखवून आले, तर त्याच आठवड्यात लग्नाच्या पंगतीत वाढप्याने त्यांना वगळून शेवभाजीची बादली पुढे नेली. "नाना, तुमले तिखट बंद शे ना?" सगळी पंगत वळून बघायला लागली.

मागच्या महिन्यात नाना अंगणात कोसळले. रिक्षात घालून मी त्यांना जळगावातच दवाखान्यात नेलं. ते शुद्धीवर आले, पण डॉक्टर अडून बसले. "काय काय औषधं चालू आहेत ते कळल्याशिवाय मी पुढचं इंजेक्शन देणार नाही. जिवाशी खेळ होईल."

मला सगळं पाठ होतं, पण कुणाला सांगायचं नाही अशी नानांनी शपथ घातलेली. "नाना, सांगा हो," एवढंच मी म्हणालो.

"मी सांगसू ते कम्प्युटरमा जाई," नाना डॉक्टरांना म्हणाले. "मंग कोन कोन दखी?"

"तुम्ही परवानगी द्याल तोच. ती केव्हाही काढून घेता येते."

"आनि तो रक्तवाला? साडूना पोऱ्या शे."

"त्याला नाही दिसणार."

मग नाना एकेक गाव सांगत गेले. वरणगावचं नाव येताच डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गुडघ्याच्या गोळ्यांनी रक्तदाब चढत होता, आणि तो उतरवायला धुळ्याची गोळी वाढत होती.

"घरचं कोणी हे बघू शकेल असं नाव द्यायचंय? मुलीचं देऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिले नको. ती घाबरी जाई." नानांनी माझ्याकडे बोट केलं. "याले दखू द्या."

डॉक्टरांनी नातं विचारलं, मी "भाडेकरू" म्हणालो.

डॉक्टर गेल्यावर नाना छताकडे बघत म्हणाले, "तुनी काकीले फिटना आजार व्हता. तपासाले लई गऊ, आनि आठ दिनमा बठ्ठा, सगळा भाऊबंदले माहीत पडनं. मंग आमना दारमा कोनी उनंच नही. तिना हातना चहा बी कोनी पिये नही."

मी त्यांच्या पायांवर चादर ओढली.

"आते तुले मनं बठ्ठं माहीत पडनं," ते म्हणाले. "तरी सकाय येशी ना?"