एकोणतीस साती

चौऱ्याण्णव साली शांघायहून आलेल्या एका पत्राला श्रीनाथरावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. तसे ते पत्रं बुडवणाऱ्यांतले नव्हेत. हॅम्बर्गच्या एका ग्रंथालयात त्यांनी तीस वर्षं लोकांना पुस्तकं परत करण्याची स्मरणपत्रं धाडली होती! पण हे पत्र मात्र 'उद्या नक्की' म्हणत पुन्हा खणात जाई.

पत्र लियांग वेनहायचं. सत्त्याऐंशी साली दोघे हॅम्बर्गच्याच एका वसतिगृहात राहत, स्वयंपाकघर सामाईक. लियांग संगीत शिकायचा आणि पोटासाठी हॉटेलात बशा धुवायचा. श्रीनाथराव शेगडीवर भात लावून शेजारी उभे राहत आणि पाढे म्हणत. घड्याळाची गरजच नाही! अकरापासून सुरुवात करायची, एकोणतीसवर आलं की भात तयार. लियांग लाल झालेले हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून ऐके. त्याला वाटे, ही अन्नाची प्रार्थना आहे. "नाही रे, गणित आहे," एवढं सांगायचा श्रीनाथरावांना धीर झाला नाही. आपल्याला कुणी इतक्या आदरानं ऐकतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं!

मग लियांग मायदेशी गेला आणि ते पत्र आलं. 'मला पहिला चित्रपट मिळालाय. म्हातारा नावाडी एकटाच जेवायला बसतो, तिथे तुझ्या प्रार्थनेचं शेवटचं कडवं घेतोय. पण तू नेहमी सहाव्या ओळीनंतर थांबायचास. सातवी ओळ पाठव.'

सातवी ओळ! एकोणतीस साती किती, हे श्रीनाथरावांना शाळेपासून आठवत नसे. तिथे आले की ते भात उतरवायचं निमित्त करत!

उत्तर गेलं नाही. लियांगनं सहा ओळींनंतर तशीच शांतता ठेवली. चित्रपट गाजला, पाठोपाठ आणखी चाळीस झाले, बक्षिसांनी कपाटं भरली. पण नाव झालं ते त्या शांततेचं. विद्वानांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले. त्यातले दोन श्रीनाथरावांनी, मान खाली घालून, स्वतःच ग्रंथालयात लावले.

आणि आता साठी ओलांडलेला लियांग निरोपाच्या कार्यक्रमासाठी हॅम्बर्गला आला होता.

"शेवटची रांग. ऐकायचं आणि घरी यायचं. मी तोंडातून ब्र काढणार नाही!" श्रीनाथरावांनी बायकोला, साधनाताईंना, ठणकावून सांगितलं. सोबतीला आठ वर्षांची नात अन्वी होती.

कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं: 'अज्ञात भारतीय संताची प्रार्थना.' संत खुर्चीत आणखी खाली घसरले.

चाळीस व्हायोलिनं सुरू झाली.

"अहो, हे तर एकोणतीसचं!" साधनाताई कुजबुजल्या.

"श्श!"

"ती पुढची बाई बघा, एकोणतीस पंचेला रडली!"

श्रीनाथरावांचेही डोळे भरले होते. करपत आलेल्या भाताचा वास, खिडकीवरचा पाऊस, टेबलापाशी बसलेला तो हडकुळा पोरगा. सहावी ओळ संपली. वादकांपुढे उभ्या लियांगची इशाऱ्याची काठी हवेत थांबली. दोन हजार माणसांनी श्वास रोखला.

एवढ्या शांततेत माणूस करणार काय? दोनशे नव्वदातून सत्त्याऐंशी वजा...

"दोनशे तीन!" श्रीनाथराव ओरडले.

अख्खं सभागृह वळलं. "आजोबा, पाइनलिश! लाज आणलीत!" लाजेनं अन्वीनं तोंड झाकून घेतलं. लियांग सावकाश मागे फिरला, अंधारात निरखून पाहू लागला आणि खांदे गदगदा हलवत हसला. मग त्यानं शेवटच्या रांगेकडे बघून हात जोडले. लोकांना वाटलं, हेही संगीतातच आहे. टाळ्यांचा कडकडाट! संत मध्यंतराआधीच कोट बगलेत मारून पसार.

"अहो, भेटा तरी त्याला!"

"आणि काय सांगू? तुझी जगप्रसिद्ध प्रार्थना तिसरीच्या वर्गातली आहे म्हणून?"

सकाळी पेपरात परीक्षण होतं: 'शांततेला छेदणारा तो वृद्ध ऋषीचा स्वर ही मास्टरांची अखेरची प्रतिभाझेप.' साधनाताईंनी पेपर घडी करून त्यांच्यापुढे पेन ठेवलं. "ऋषिवर, आता तरी लिहा! तो माणूस तीस वर्षं वाट बघतोय."

पाच कागद फाडून सहाव्यावर उत्तर उतरलं. टपालपेटीपाशी श्रीनाथराव पुन्हा घुटमळले.

"खरं लिहिलंत ना?"

"सगळं. पाढा आहे, प्रार्थना नाही. सातवी ओळ दोनशे तीन. तुझी शांतता हा माझा विसराळूपणा, माफ कर."

"आणि आठवी?"

"पुढच्या पत्रात कळवतो म्हटलंय."

"म्हणजे येत नाही!"

"मनात हिशेब करून काढावी लागेल. पण तेवढी शांतता आपल्या घरात कुठे मिळते?"

साधनाताईंनी डोळे वटारले. त्या धसक्यानं पत्र हातातून सुटलं आणि पेटीत पडलं.