तारेवरचा बेसूर

आमच्या शेजारच्या कमलाक्का रेडिओ लावून रेल्वेवर पाळत ठेवतात. तंजावूरला फाटकालगत आमची घरं. अक्कांच्या ओसरीवर वीणा, वीणेशेजारी जुना रेडिओ. सकाळची गाडी समोरच्या खांबापाशी विजेच्या तारेखालून गेली, की रेडिओत ‘किर्र’ व्हायचं आणि रंगलेल्या तोडीचा गळा दाबला जायचा. अक्का मग रेल्वेच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि कॉफीचा पेला उचलायच्या. चिडल्याशिवाय कॉफी गोड लागत नाही त्यांना, असं आम्ही म्हणायचो.

दुसऱ्या कुणी नवा रेडिओ आणला असता. अक्कांनी रेल्वेलाच धारेवर धरलं. “इंजिनाच्या टपावरचा वीज घेणारा तो हात तार सोडतो. हात सुटला की ठिणगी, ठिणगी पडली की किर्र. लिही सेतू!” त्या मराठीत सांगायच्या, मी तमिळमध्ये लिहायचो.

उत्तर आलं : तपासणी केली, दोष नाही, रेडिओ दुरुस्त करून घ्यावा.

“रेडिओ कसाला दुरुस्त करू?” अक्का कडाडल्या. “चाळीस वर्षं वीणा शिकवताना पोरांचा बेसूर पकडत आले मी. त्यांच्याकडे यंत्र आहे, मज कान आहेत. लिही!”

पत्रांचा मारा सोसेना, तेव्हा एक इंजिनियर आला. रेडिओ बघून हसला. गाडी आली, किर्र झालं, त्याचं हसू गेलं. खांबापाशी तार वाकली होती, ठिणग्यांनी झिजतही चालली होती. “अजून थोड्या दिवसांनी तुटून गाडीवरच पडली असती, अम्मा,” तो म्हणाला.

अक्कांचा चेहरा उतरला. पण लगेच ताठ झाल्या. “आजच नीट करा. उद्याच्या गाडीच्या आत!”

दुसऱ्या सकाळी गाडी गेली. तोडी अखंड वाजत राहिली.

“जिंकलात की अक्का!” मी म्हटलं. त्या फाटकाकडेच बघत होत्या. कॉफी तशीच निवत होती.

सकाळची गाडी त्यांचा मुलगा मुरली चालवतो. वीणा सोडून इंजिन धरलं म्हणून मायलेकांचा तीन वर्षं अबोला आहे. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, मलाही होतं. तरी त्या कॉफीचा अर्थ मला आत्ता कळला, आणि माझीच मला लाज वाटली.

“त्याचं किर्र तरी घरात यायचं,” अक्का हळूच म्हणाल्या. “आता तो बाहेरच्या बाहेर जातो.”

मग पदर खोचून त्यांनी माझ्यापुढे कार्ड सरकवलं.

“लिही सेतू. सकाळच्या गाडीचा ड्रायव्हर फाटकाशी शिट्टी अर्धीच सोडतो. लहानपणापासून सांगते त्याला, शेवटचा स्वर पुरा धरावा.”