बेटास पाणी लावले त्याची हकीकत

ग्रामदेवतेचे पायी मस्तक ठेवोन, आणि लिहिण्यास दिलेली खुर्ची तीन पायांची, सबब उभ्यानेच लिहिणे आले, ही गोष्ट पोटात घालोन, लेखक अर्ज करितो ऐसा की, पोलादपूर प्रांती, कापडे गावाचे वरल्या अंगास, जुवेवाडी म्हणोन लहानसा मुलूख आहे. तेथे नदीचे पात्रात एक बेट. श्रावणात चहूंकडोन पाणी घोंघावते, मग त्या बेटावर मनुष्य तर काय, बगळादेखील विचार करोन उतरतो. ऐसे ते बेट सात पिढ्या कोणाचे उपयोगी पडले नव्हते, सबब त्यावरोन भाऊबंदकीही जाहली नव्हती. आमचे मुलखात ही गोष्ट बहुत अपूर्व.

ऐसियास, राजश्री हर्षदराव मुंबईस एका हॉटेलात लोकांचे मेजवान्यांचा बंदोबस्त पाहात असत. मातुश्री बयाबाईसाहेब वाडीत एकट्या. हर्षदराव गणपतीस घरी आले, आणि नदीकाठी उभे राहोन बेट न्याहाळिले, आणि मनात मनसुबा उठला की, लोक गोव्यास जातात, अंदमानास जातात, तेथे तरी आहे काय? भोवती पाणी, मध्ये जमीन, आणि खाणे महाग. यांतील पहिली दोन आपणांपाशी आहेतच, तिसरे करता येईल. मग त्यांनी बेटावर महोत्सव भरवावयाची मसलत मांडिली, आणि मातुश्रींस वचन दिले की, फत्ते जाहली तर चाकरी सोडोन कायमचा घरी राहीन, शिकस्त जाहली तर बॅग उचलोन मुंबईस जाईन, मग पुन्हा गावाचे नाव काढणार नाही. त्या दिवसापासोन मातुश्री महोत्सव हे नाव देवाचे नावासारखे घेऊ लागल्या.

मग गावकीचे अध्यक्ष मालोजीबाबा यांनी देवळात सभा भरविली, आणि मुंबईस राहणाऱ्या वाडीकरांचे मुंबई मंडळ, त्यानेही आपले वकील धाडिले. पाहुण्यांस बोलवावे कोणते महिन्यात, याचा खल जाहला. अखेर हुकूम सुटला की, महोत्सव मे महिन्यात करावा, कारण चाकरमानी तेव्हाच येतात, आणि सार्वजनिक पूजेचा मंडप उभाच असतो, भाडे वाचेल. यावर टाळ्या पडल्या. गणपतीस आलेला मनुष्य गणपतीपुरती नदी पाहतो, आणि मे महिन्यात आलेला मे महिन्यापुरती, सबब मे महिन्यात नदीचे काय होते हे दोन्ही नद्या एकत्र करोन कोणी पाहिले नाही. लेखकही सभेत हजर होता, त्यानेही टाळ्या पिटल्या.

महाडच्या अनुपमाबाई, सोहळे जुळवोन देण्यात मातबर, त्यांस मोहिमेत सामील करोन घेतले. त्यांनी श्रावणात वरोन काढलेले बेटाचे चित्र मोबाइलांवर मुंबई-पुण्यापर्यंत धाडिले. शहरच्या माणसास बेट ऐसा शब्द ऐकू आला की तो सूटकेस बाहेर काढतो. तिकिटे हातोहात गेली. मग वाडीत घरोघर व्यापार सुचला. कोणी सोलकढीचा, कोणी घावन्यांचा, कोणी होडीवर बसोन फोटो काढण्याचा ठेला मांडिला. वाडीत आता विकणारेच होते, विकत घेणारा एकही उरला नव्हता, सबब सर्वांचा डोळा पाहुण्यांवर.

मोहिमेचे पूर्वदिवशी अनुपमाबाईंची स्वारी पाहणीस आली. पाहतात तो होडी कोरड्या धोंड्यांवर बसलेली, बेटावर शेळ्या चरताहेत, आणि बिरवाडीचे सुनील गाणी वाजवावयाचे खोके मोटरसायकलीवर बांधोन पात्रातून सरळ बेटावर चालले आहेत.

“बेट कुठंय?” बाईंनी पुसिले.

“ह्यो काय, फुडं हाय ना,” मालोजीबाबा उत्तरले. “श्रावणात येवा, गल्यापरत पानी आसतंय.”

“पाहुणे उद्या येताहेत, बाबा. याला बेट म्हणत नाहीत. माळ म्हणतात. लोक पैसे परत मागतील.”

हर्षदरावांचे तोंड उतरले. ते घरी गेले, आणि बॅग काढोन उंबऱ्याशी ठेविली. मातुश्री चुलीपुढे होत्या, त्यांनी बॅग पाहिली, आणि भाकर तव्यावर करपली तरी उलथिली नाही.

सायंकाळी देवळात मोठे खलबत जाहले. एकाने तजवीज सांगितली की, टँकर आणोन नदी भरावी. दुसऱ्याने म्हटले, भोवती निळी ताडपत्री अंथरावी, फोटोत कळत नाही. या मसलतीस काही काळ पुष्कळ अनुमोदन होते, परंतु एवढी ताडपत्री महाडात मिळेना. मग कोणी हळूच वरल्या बंधाऱ्याचे नाव काढिले, आणि लागलीच जीभ चाविली. त्या बंधाऱ्यात फळ्या घालोन वाडीचे उन्हाळ्याचे पाणी अडविलेले. त्याचेच ओलाव्यावर विहीर जिवंत राहते. आणि त्या पाण्याची किल्लेदारी, कोणी न नेमिता, बयाबाईसाहेबांकडे. मागल्या साली खुद्द मालोजीबाबांचे जावई तेथे गाडी धूत होते, त्यांस बाईंनी ओल्या फडक्याने वाडीबाहेर काढिले होते.

बायका एकदम उठल्या, आणि फळ्यांस हात लावाल तर याद राखा ऐसा गिल्ला जाहला. सर्वांनी बयाबाईंकडे पाहिले, की आता ह्या तोफखाना सोडतील. बाई खांबाशी बसल्या होत्या. त्यांनी दाराबाहेर उभ्या लेकाकडे पाहिले.

“काढा फल्या,” बाई बोलिल्या.

“बया, तूच बोलतंस ह्या?” मालोजीबाबांस खरे वाटेना.

“पानी गेला तं पावसात पुना येल. पोर गेला तं येल काय?”

जिचे घरचा मुलगा मुंबईस नाही ऐसी एकही बाई त्या सभेत नव्हती. मग बायकांनीच घरोघरच्या रिकाम्या गोणी काढिल्या, त्यांत वाळू भरोन बेटाचे खालचे अंगास पाणी अडवावयास मोर्चे बांधिले. हे सांगताना लेखकाची पाठ अद्याप दुखते.

दुसरे दिवशी पाहुण्यांची एक टोळी आंबेनळीचा घाट उतरोन आली, दुसरी महाडाकडोन. तिकडे फळ्या निघाल्या, आणि पाणी गर्जना करीत आले, आणि बेटाभोवती फिरोन उभे राहिले, आणि सात पिढ्यांत पहिल्यानेच मे महिन्यात जुवेवाडीस बेट जाहले. खोली घोट्याचे वर, गुडघ्याचे खाली. होडी तळास घासत होती, सबब चौघे चाकरमानी पाण्यात वाकोन ती ढकलीत होते, आणि हे येथील पारंपरिक नाविक ऐसे अनुपमाबाईंनी पाहुण्यांस सांगितले. पाहुणे पाणी पाहोन वेडे जाहले. त्यांनी पाय बुडविले, मुले बुडविली, एकाने कुत्रा धुतला. बयाबाईंनी ते पाहिले, आणि फडक्याकडे गेलेला हात माघारी घेतला. त्यांचे आयुष्यातील सर्वांत मोठे शौर्य ते हेच, ऐसे लेखकाचे मत आहे.

भाकऱ्या संपल्या, घावने संपले, सोलकढी संपली. पाहुण्यांनी लिहोन ठेविले की, ऐसी पाण्याची श्रीमंती शहरात कोठे. मग ते गेले, आणि त्यांचे मागोमाग पाणीही गेले. गोणींचे मोर्चे फुटले, आणि खालचे गावांस फुकट पूर पाहावयास मिळाला.

मग विहिरीने तळ दाखविला. गावकीने महोत्सवाचा गल्ला मोजिला, आणि पावसापर्यंत टँकर आणावयाचा खर्च मोजिला, आणि दोन्ही आकडे एकच निघाले. मुंबई मंडळाने कळविले की, तोटा नाही म्हणजे मोहीम यशस्वी, पुढील साली दोन दिवसांची करावी. महिना मात्र मेच असावा.

टँकर मिळाला, परंतु चालविणारा मिळेना. हर्षदरावांपाशी, मेजवान्यांचे सामान वाहावयास काढलेला, मोठ्या गाडीचा परवाना होता. त्यांनी उंबऱ्याशी ठेविलेली बॅग पुन्हा आत नेली, आणि हॉटेलास निरोप धाडिला की, येत नाही, गावी जबाबदारीचे काम लागले आहे.

पहिला टँकर चढ चढोन वाडीत आला तेव्हा रांगेत पुढे बयाबाईसाहेब, डोकीस चुंबळ, कमरेस हंडा. लेक खाली उतरला, आणि पाइप हंड्यात धरिला, आणि आईकडे पाहता पाहता ओंजळभर पाणी मातीत सांडले.

“सांडतंस काय रे!” बाई कडाडल्या. “पानी काय फुकटचा हाय?”

आणि पदराने डोळे पुसोन हंडा घेऊन गेल्या.

येणेप्रमाणे जुवेवाडीचे बेट फत्ते जाहले. शत्रू कोणी समोर आला नाही. आमचेकडील एक बंधारा पाणी कामी आले. हर्षदराव घरी जेवतात. हे सर्व लेखकाने डोळ्यांनी पाहोन, आपले हंड्याचा नंबर येईतो, रांगेत उभ्याने लिहिले.