किसनमामांची बाज

किसनमामा भेटले की नमस्कार करत नसत. खांद्यावर हात ठेवत. प्रेमाने नव्हे हो, मापाने! तिथून हात आडवा स्वतःच्या कपाळापर्यंत आणायचा, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "मास्तर, शिंप्याच्या बराबर हाय तुमी. कामाचं मानूस!" मी वाडीच्या शाळेत नवा मास्तर. काम कसलं हे कळायच्या आत माझी भरती झाली होती.

आमची वाडी झरीपासून बरीच आत, काळ्या मातीतली. पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतायची. म्हणून अडीनडीचा रोगी बाजेवर घालायचा, बाजेला दोन लांब बांबू बांधायचे आणि चौघांनी खांद्यावर घेऊन झरीच्या दवाखान्यात पोचवायचा. पगार नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने प्यायचा. ही मामांची पलटण. चौघं एका उंचीचे नसले की रोगी घसरतो, म्हणून मामांना माणसात उंचीशिवाय काही दिसतच नसे. कुणाच्या पोरीचं लग्न जमलं की विचारणार, "जावई उंचीला कसा हाय? घरजावई व्हतो का?"

पण पलटण गळू लागली. कुणी परभणीच्या विद्यापीठात शिपाई झाला, कुणी औरंगाबादला कारखान्यात लागला. पोराला एस.टी.त बसवायला मामा जात आणि त्याच्या आईपेक्षा जास्त रडत, "माझा मागचा उजवा चालला वो!" आम्हाला वाटलं, संपलं आता. पण मामा हटतात कुठले! "पोरं गेली तर त्यांचे बाप हाईत की."

झालं, शाळेच्या पटांगणात बापांची कवायत सुरू. रोगी मी. एकाची कंबर धरली, दुसऱ्याला ऐन वेळी तंबाखू आठवली आणि मी थेट चिखलात. मामा शांतपणे म्हणाले, "रोगी मेला. पुन्ना उचला."

साहेबराव कडेला उभे राहून हसत होते. मोठे शेतकरी, आणि उंचीला बरोब्बर आमच्या मापाचे. "खांदा द्यायचा आसतो मेलेल्याला," ते म्हणाले. "आन किसना, तुमच्या बौद्धवाड्यातल्या बाजेवर आमची मानसं न्हाई निजायची." मामा मात्र साहेबरावांच्या खांद्याकडे हावरटासारखे बघत राहिले.

त्याच श्रावणात साहेबरावांची सून अडली. सुईणीने हात टेकले. गाडी जुंपली, ती वाड्याशी यायच्या आधी वेशीतच रुतली. मामा बाज घेऊन हजर. पण एका मापाचे खांदे तीनच. शिंपी, कोतवाल आणि मी. मामा स्वतः बुटके, त्यांचा खांदा कुणाच्याच जोडीला लागत नसे.

साहेबरावांच्या वाड्याच्या अंगणात मामांनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी सरळ ओसरीवर चढले आणि साहेबरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बराबर हाय," मामा म्हणाले. "मालक, पोर मरायलीय. उचला."

साहेबरावांनी त्या हाताकडे पाहिलं. आतून सुनेची किंकाळी आली. त्यांनी धोतर खोचलं.

वाटभर मामा पुढे, काठीने चिखल चाचपत. मध्येच मागे वळून ओरडत, "पोरी, डोळे मिटू नगंस! सासऱ्याला शिव्या घाल, पन बोलत ऱ्हा!" आणि अहो, घातल्या की तिने! सात पिढ्यांचा उद्धार केला. साहेबराव निमूट ऐकत चालले.

झरीला पोचलो. मुलगी झाली, दोघीही सुखरूप. साहेबराव नात बघायला आत धावले. मामा बाहेर लिंबाखाली बसून राहिले.

"चला मामा, घरी."

"बसू जरा. घरी जाऊन कोनाला सांगू, मास्तर?"

मामी गेल्या त्या ह्याच वाटेवर, रुतलेल्या गाडीत. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. पण त्यानंतर मामांच्या घरात बोलायलाच कुणी उरलं नाही, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मला सांगा," मी म्हणालो.

मामांनी पहिल्यापासून सुरुवात केली. गाडी कशी रुतली, ओढ्याला पाणी किती होतं, पोरगी कशी ओरडली. मी आख्खी वाट त्या बाजेखाली चाललेलो, खांदा सोलून निघालेला. तरी दर वाक्याला विचारत होतो, "बरं? मग?"